यंदा घट मिनाच्या घरी

पाऊस उघडला आणि आश्विनाचं ऊन पाठीला चटके द्यायला लागलं, की सोजराबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा राहत नसे. एका बाजेवर गवारीच्या शेंगा, दुसऱ्या बाजेवर भेंडीच्या काचऱ्या, खाली जुन्या लुगड्यावर अंबाडीची लाल बोंडं. वाळलेल्या दोडक्याची जाळी भांडी घासायला, दोडक्याचं बी मडक्यात, टरफल चुलीत. मोरीचं पाणी दांडानं थेट भोपळ्याच्या आळ्यात. सोयाबीनचं खळं झालं की लोक कुटार, म्हणजे उरलेलं भुसकट, पेटवून देत. ही बाई टोपल्यानं घरी आणायची आणि वांग्याच्या बुडाशी अंथरायची. त्या ओलीवर वांगी दिवाळीपर्यंत पाण्याशिवाय निघायची. तिच्या घरून उकिरड्यावर काही जात नसे, कारण फेकण्यासारखं तिच्या घरात काही उरतच नसे.

कनेरगाव नाक्यावरून आत दोन कोसांवरच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण सोजराबाईचं खरं नाव झालं होतं ते बियांमुळं. तिच्या परसातला वाल म्हणजे तांबड्या काठाच्या, बोटभर रुंद शेंगांचा, तीन पिढ्यांचा. नवरात्राच्या पहिल्या दिवशी घट बसला की जमलेल्या प्रत्येक बाईला ती राखेत घोळलेल्या वालाची पुडी द्यायची. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. चैत्रातल्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांच्या कानावर ही गोष्ट गेली होती. दानावर निरूपण चाललं होतं. महाराज म्हणाले, "धान्य देणारा एक दिवस जेवू घालतो, बी देणारा जन्मभर जेवू घालतो. तुमच्या गावात अशी एक माउली बसलेली आहे." मग मृदंग वाजला आणि पाचशे माणसांत सोजराबाईनं पदर डोळ्याला लावला.

तिच्या शेजारी बसलेली मिनाही रडली होती. मिना तिची धाकटी जाऊ. आपल्या घरातल्या माणसाचं नाव देवाच्या दारात निघालं, एवढ्यानंच तिला भरून आलं होतं.

मिनाला लेकरू नव्हतं. हे दुःख जुनं होतं. त्याच्यावर आता बोलणंही होत नसे. पण त्या दुःखाला गावानं एक शेपूट जोडलं होतं. भाऊ-भाऊ वेगळे निघाले त्याला सोळा वर्षं झाली. पहिल्याच नवरात्रात मिनानं जावेकडून वालाची पुडी घेतली, आळं केलं, शेणखत घातलं, बी लावलं आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. चौथ्या वर्षी विहिरीवर कुणीतरी म्हणालं, तिच्या हाताला उगवण नाही. म्हणणारी विसरून गेली असेल. वाक्य मात्र गावात राहिलं.

तेव्हापासून मेथी-कोथिंबीर टाकायची झाली तर मिनाचा नवरा हरीश टाकायचा. वावरात तर ट्रॅक्टरच पेरायचा. मिनानं लावलेली वांग्या-मिरच्यांची रोपं मात्र बहरायची. तिच्या मिरच्या सेनगावच्या बाजारात हातोहात जायच्या. त्यावरही बाया म्हणायच्या, दुसऱ्यानं उगवून दिलेलं वाढवणं तिला जमतं. सोजराबाई विषमज्वरानं पडली होती तेव्हा दिपकला, म्हणजे सोजराबाईच्या लेकाला, मिनानंच नऊ महिने सांभाळलं होतं. बाया तेही त्यातच धरायच्या.

हरीशनं एकदा नाक्यावरून बियांचं पाकीट आणलं. मिनानं ते हातात धरलं आणि तसंच परत दिलं. "काहून वाया घालवता," ती म्हणाली. पण जावेचा वाल तिनं एकाही वर्षी चुकवला नाही. घरचा वाण होता तो. सासूनं लावलेला, मोठ्या जावेनं राखलेला. तो आपल्या आळ्यात आला, तर आपण या घरच्या, असं काहीतरी तिच्या मनात होतं. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं.

वाटण्यांत सगळं वाटलं गेलं, देवी वाटता येईना. म्हणून घट एक वर्ष मोठ्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे असं ठरलं. धाकट्याची पाळी आठ वेळा येऊन गेली होती. आठही वेळा मिनानं घर सारवलं, गोधड्या धुतल्या, वावरातली काळी माती चाळून आणली, पत्रावळ मांडली. आणि आठही वेळा धान्य पेरायला सोजराबाई आली. घरातली मोठी म्हणून, असं तोंडानं म्हटलं जायचं. मिना बाजूला पाण्याचा तांब्या धरून उभी राहायची.

यंदा नववी पाळी. गोधड्या धुवायला दोघी ओढ्यावर गेल्या होत्या तेव्हा गोधडी पिळता पिळता मिना म्हणाली, "जाऊबाई, यंदा घट म्या पेरू का?"

सोजराबाईनं गोधडीचं दुसरं टोक घट्ट धरलेलं होतं. "देवीचं काम हाय, मिना. हौस न्हाई."

"हौस न्हाई म्हणूनच पुसून राहिले."

"न्हाई उगवलं तर? सालभर गावाच्या तोंडी लागशील. मी तुझ्याच भल्याचं सांगते."

"आता काय कमी लागले का?"

सोजराबाईनं पीळ आणखी आवळला. गोधडीतलं पाणी निथळत राहिलं. "बघू," एवढंच ती म्हणाली. मिनानं ते "बघू" आठ दिवस मनात जपलं.

सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी दुपारी, पितरांची पानं उठल्यावर, प्रियदर्शनी मिनाकडे चाळणी मागायला आली. प्रियदर्शनी ही दिपकची बायको, वैशाखात लग्न होऊन आलेली, वसमतकडची. पदवी झालेली पोर, पण गर्व नाही. सासूचं सगळं काटकसरीचं शास्त्र तिनं एका वहीत लिहून घ्यायला घेतलं होतं. अंबाडी किती दिवस वाळवायची, झेंडूचं बी कधी काढायचं, तुळशीच्या मंजिऱ्या कशात ठेवायच्या. मिनाला ती आवडायची.

"काकू, बारीक चाळणी द्या ना. राख चाळायची हाय. आमची फाटली."

"घे की. पण एवढी काय घाई? सांजेला चाळ, निवल्यावर."

"निवल्यावर चालत न्हाई. आत्याबाई म्हणल्या, गरम असतानाच पाहिजे. आज पुरणामुळं चूल सकाळपासून पेटलेली हाय, राख बराबर तापली."

मिना चाळणी खुंटीवरून काढत होती. "गरम राख कशाला?"

"उद्या वाटायच्या बियाला." प्रियदर्शनीनं वहीतलं वाक्य म्हणावं तसं म्हटलं, "घरचं बी थंड राखेत, द्यायचं बी गरम राखेत. तुमच्याकडं न्हाई करत तसं?"

मिनाचा हात खुंटीवरच राहिला.

"गरम राखेत किती वेळ ठेवतात ग?"

"रातभर. वरून निखारे बी घालायचे थोडे, पण बी करपू द्यायचं न्हाई. रंग बदलला न्हाई पाहिजे. मग सकाळी थंड राखेत घोळायचं. म्हणजे घरची बरकत घरातच राहते, असं थोरल्या आजीनं आत्याबाईला सांगितलेलं." पोरगी बोलता बोलता थांबली. मिनाच्या तोंडाकडे बघून तिला पहिल्यांदाच ते वाक्य नीट ऐकू आलं असावं. वहीत उतरवताना माणूस अक्षराकडे बघतो. "काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "पण मग ते बी…"

"चाळणी ने," मिना म्हणाली. "न्हाई, राहू दे. मीच येते घेऊन."

परसातल्या चुलीपाशी सोजराबाई पाटावर बसली होती. पुढ्यात परात, परातीत वालाचं बी. टपोरं, तांबूस, एकेक निवडलेलं. बाजूला कुंडाभर राख, वर लाल ठिपके चमकत होते. दुसरं मडकं लांब भिंतीशी होतं, फडक्यानं तोंड बांधलेलं. ते घरचं.

मिनानं चाळणी तिच्यासमोर ठेवली आणि उकिडवी बसली.

"त्या मडक्यातलं बी मला कधी दिलं का हो तुमी? सोळा सालात एकदा तरी?"

सोजराबाईनं सुनेकडे पाहिलं. सून दाराशी उभी होती, खाली बघत. मग तिनं हातातला वाल परातीत टाकला. ती खोटं बोलली नाही. हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"सासूबाईचा नेम हाय तो," ती म्हणाली. "मला घरात आल्यावर पहिल्या दसऱ्याला सांगितला. वाण जित्ता घराबाहेर जाऊ द्यायचा न्हाई. मागणाऱ्याला न्हाई बी म्हणायचं न्हाई. मग काय करावं बाईमाणसानं? म्या नेम पाळला."

"मी घराबाहेर व्हते का?"

"वाटण्या झाल्या की चूल वेगळी. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आणि तुलाच न्हाई दिलं तसं. समद्यांलाच दिलं. रुख्मिणीबाईला, पार्वतीबाईला, समद्या गावाला. तुझ्याशी माझं काय वाकडं व्हतं?"

"मग नाव माझंच काहून पडलं?"

"ते म्या न्हाई पाडलं."

"पुसून बी न्हाई टाकलं."

चुलीत एक लाकूड खाली बसलं. सोजराबाईनं ते चिमट्यानं सारखं केलं.

"पहिल्या साली मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. मग विसरेचनात. मग सांगायचं कसं? सांगितलं असतं तर सासूबाईचं नाव गेलं असतं. त्या तवा जित्त्या व्हत्या."

"त्या जाऊन अकरा वर्षं झाली, जाऊबाई."

"व्हय."

"चैतात महाराजांनी तुमचं नाव घेतलं, तवा काय वाटलं तुमाला?"

सोजराबाईचे डोळे लगेच भरले. ते तसे चटकन भरणारेच डोळे होते. कीर्तनात, पोथीत, परक्याच्या लग्नात पोरीची पाठवणी पाहूनही. "रडू आलं," ती म्हणाली. "देवाशप्पथ, पोटातून आलं."

"मी तुमच्याच बाजूला बसले व्हते. तुमचा हात धरून. तवा सांगायचं व्हतं माझ्या कानात."

कीर्तनात माणूस रडतं ते खोटं नसतं. सोजराबाईचंही खोटं नव्हतं. पण त्या पाण्यानं तिचं एकही बी भिजलं नव्हतं. महाराजांचे शब्द सोन्यासारखे होते. ते जिच्या पदरात पडले तिनं पदर झटकून घरी यावं, याला बिचारे महाराज काय करणार.

"उद्या घटापाशी समद्या येतील," मिना उठत म्हणाली. "समद्यांच्या म्होरं सांगा. बाकी मला काही नको."

सोजराबाईनं चाळणी जवळ ओढली.

सकाळी मिनाच्या ओटीवर बारा-पंधरा बाया जमल्या. कारळाच्या पिवळ्या फुलांची माळ तयार होती. पत्रावळीवर काळ्या मातीचा थर, मधोमध मातीचा घट, बाजूला समई. सुपात पाच धान्यं मिनाच्याच घरची होती. गहू, ज्वारी, साळी, हरभरा, करडई. हरीश पूजेला नवं धोतर नेसून बसला होता. त्याला रात्री मिनानं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "वहिनी मायसारखी हाय. जाऊ दे ना. यंदा तुला पेरायला मिळालं म्हणजे झालं." मिनानं पाठ फिरवली होती.

सोजराबाई आली. नेहमीसारखी मातीपुढं बसली. सूप जवळ ओढलं. मग थांबली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज म्या पेरणार न्हाई. मिना पेरील. घर तिचं, पाळी तिची. उगवो न उगवो, मोठी म्हणून मी माझ्यावर घेते."

बायांत कुजबुज झाली. रुख्मिणीबाई, त्या सगळ्यांत वयानं मोठी, डोकं हलवत म्हणाली, "याला मन मोठं लागतं, सोजरा. सख्खी बहीण बी इतकं करत न्हाई."

"लेकरावानी जपलं जावेला," पार्वतीबाई म्हणाली.

मिना तांब्या घेऊन उभी होती, दरवर्षीच्या जागी. सोळा वर्षं जे हवं होतं ते समोर सुपात पडलं होतं, आणि तेही जावेच्या थोरपणाच्या ओटीत बांधून. उगवलं तर सोजराबाईचं पुण्य, न उगवलं तर मिनाचा हात. तिनं तांब्या खाली ठेवला.

"रुख्मिणीमावशी," ती म्हणाली, "जाऊबाईनं दिलेला वाल तुमच्या परसात कधी उगवला का हो?"

रुख्मिणीबाईला प्रश्नाचा रोख कळला नाही. "आमच्या परसात कुठं ऊन हाय? निंबाची सावली. न्हाई येत."

"पार्वतीकाकू, तुमचा?"

"आमच्या कोंबड्या ठेवतात व्हय काही. उकरून खातात समदं."

"मिराबाई, तुमाला तर कोंबड्या बी न्हाईत."

मिराबाई शेजारच्या तांड्यावरची. तिनं तोंडाला पदर लावला आणि हसली. "आता सांगू का खरं? मी तर दरसाली नाक्यावरून पाकीट आणते. सोजराबाईला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, तुमचाच वाल हाय."

दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "मी बी." आणखी एकीनं मान हलवली. मग हसणं आपोआप विरलं. प्रत्येकीनं दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं. सोळा वर्षं प्रत्येकीच्या आळ्यात तेच झालं होतं. प्रत्येकीनं सावलीवर, कोंबड्यांवर, मुंग्यांवर ढकललं होतं, आणि विहिरीवर जाऊन मिनाच्या हाताचं बोलली होती.

"मग माझ्या आळ्याला सावली काहून न्हाई मिळाली?" मिनानं विचारलं. "माझ्या कोंबड्या काहून न्हाई निघाल्या?"

मागून प्रियदर्शनीचा बारीक आवाज आला. "गरम राखेत ठेवल्यावर कसं उगवंल."

"तू चूप," सोजराबाई म्हणाली. मग सगळ्यांकडे न बघता, समईकडे बघत म्हणाली, "सासूबाईचा नेम व्हता. वाण घराबाहेर जित्ता देऊ न्हाई म्हणून."

मिनाला वाटलं, आता काहीतरी होईल. काय, ते तिनं ठरवलं नव्हतं. कुणी तिच्याकडे येईल, हात धरेल, चुकलं ग बाई म्हणेल. निदान सोजराबाईला कुणी चार शब्द बोलेल.

रुख्मिणीबाई म्हणाली, "नेम असला म्हणजे काय करणार. जुन्या बायांचे नेमच कडक." पार्वतीबाईनं हं म्हटलं. मिराबाई पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरू लागली. मग रुख्मिणीबाईच पुढं म्हणाली, "बरं, ते झालं ते झालं. मुहूर्त चाललाय. पेर बाई, मिना. तुझ्याच हातानं पेर. आता काय अडचण हाय?"

अडचण काहीच नव्हती. इतक्या सहज ती निघून गेली, जणू कधी कुणी घातलीच नव्हती.

मिना बसली. ओंजळीत धान्य घेतलं. तिनं मातीवर चारी बाजूंनी धान्य पसरलं, वरून मातीचा पातळ थर दिला, पाणी शिंपडलं. हरीशनं माळ बांधली. बायांनी हळदीकुंकू घेतलं आणि त्या गेल्या. जाताना त्या दिवशी कुणी वालाची पुडी मागितली नाही. सोजराबाईनं आणलेल्या पुड्या तिच्या पिशवीतच राहिल्या.

"झालं ना मनासारखं?" हरीश म्हणाला.

"व्हय," मिना म्हणाली.

दुसरी माळ गेली. माती तशीच काळी, ओली. मिनाला ठाऊक होतं, दोन दिवसांत काही दिसत नाही. आठ वेळा तिनंच तर हा घट राखला होता. तिसऱ्या दिवशी हरीश मळणीयंत्रावर गेला होता. दुपारची वेळ, घरात समईचा उजेड आणि घटातून पाझरणाऱ्या पाण्याचा वास. मंदिराच्या भोंग्यावरून कुणाचं तरी कीर्तन लागलेलं होतं. बुवा सांगत होते की देवाच्या दारात थांबता येणं, हीच निम्मी सेवा. मिनाला कीर्तनातलं प्रत्येक वाक्य आपल्यासाठीच आहे असं वाटायचं. हेही वाटलं. ती घटासमोर हात जोडून बसली, आणि जोडलेले हात कधी सुटले ते तिला कळलं नाही.

एका कोपऱ्यातली माती तिनं करंगळीनं बाजूला केली. गव्हाचा दाणा. फुगलेला, टोकाला दोऱ्याएवढा पांढरा कोंब. तिनं श्वास सोडला. पण तो एकच असेल. तिनं शेजारचा काढला. त्यालाही होता. हरीशनं माळ बांधताना त्याचा हात लागला असेल त्या बाजूला. तिनं पुढचा काढला. ज्वारीचा. मग हरभऱ्याचा. प्रत्येक दाण्याला कोंब होता आणि प्रत्येक दाण्याला तिच्या मनात एक कारण होतं. कुणाचं पाणी, कुणाचा पाय, कुणाचं पुण्य. कोंब बोटांत मोडत होते. मोडल्यावर ती दाणा परत मातीत ठेवायची आणि दुसरा उचलायची. बुवांनी गजर घेतला तेव्हा ती भानावर आली. पत्रावळीचा एका बाजूचा सगळा भाग उकरलेला होता.

तिनं माती सारखी केली. तळवा ठेवून थोपटली. मग तो तळवा बराच वेळ बघत बसली. राख दुसऱ्याची होती, बी राखेत पुरलेली ती रात्रही दुसऱ्याची. हे मोडणं मात्र तिचं स्वतःचं होतं.

पाचव्या माळेच्या सांजेला बाया आरतीला आल्या. घट उगवला होता. तीन बाजूंनी बोटभर पोपटी कोंब, इतके दाट की मधलं मडकं निम्मं झाकलं होतं. चौथी बाजू काळी, सपाट. मध्ये कुठं एखादा वाकडा हिरवा तुरा.

बायांच्या नजरा तिथंच गेल्या. पार्वतीबाईनं रुख्मिणीबाईकडे पाहिलं. रुख्मिणीबाईनं ओठ आवळले. उद्या विहिरीवर काय बोललं जाईल ते ओटीवर आत्ताच पसरलं होतं.

सोजराबाई पुढं झाली, वाकली, त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मिनानं तिचे डोळे पाहिले आणि तिला कळलं, हिला समजलं. घरात तीस वर्षं बिया हाताळणारी बाई. बोटांनी उकरलेली माती कशी बसते ते तिला सांगावं लागत नव्हतं.

"उंदीर लागलेत," सोजराबाई मोठ्यानं म्हणाली. "यंदा लईच झालेत. आमच्या कणगीत बी हेच चाललंय."

"व्हय व्हय, उंदीरच," मिराबाई म्हणाली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

एवढं म्हणून सोजराबाईनं मिनाकडे पाहिलं. त्या नजरेत माया होती. फेडल्याचं समाधानही होतं. आता तू माझं झाक, मी तुझं झाकते, असं ते होतं. मिनानं मान डोलावली असती तर त्या दोघी त्याच क्षणी पुन्हा पहिल्यासारख्या जावा-जावा झाल्या असत्या.

"उंदीर न्हाई," मिना म्हणाली. "म्या उकरलं."

"काहून ग बाई?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"उगवून राहिलं का न्हाई ते बघाया. दोन दिवस धीर धरला, तिसऱ्या दिवशी धरवला न्हाई. एकेक दाणा काढून बघितला, मावशी. समद्यांला कोंब व्हते. बघता बघता मोडले."

तिचा आवाज चढला नव्हता. समईची वात तडतडली. रुख्मिणीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. बाकीच्यांना कुठं बघावं कळेना.

सोजराबाई खाली बसली. तिनं दाट बाजूचे चार कोंब मुळासकट हलकेच उचलले आणि रिकाम्या जागेत लावायला हात पुढं केला. लावणी करणारा सवयीचा हात होता तो. मिनानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलं नाही.

"राहू द्या, जाऊबाई. ती जागा तशीच राहू द्या. दसऱ्यापर्यंत दिसू द्या समद्यांला."

सोजराबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिनाच्या नाही आलं. कोंब त्या मोठ्या बाईच्या बोटांत तसेच होते, मुळांना माती चिकटलेली, आणि ते ठेवायचे कुठं हे तिला सुचत नव्हतं.

हरीशनं घंटा उचलली. मिराबाईनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग एकेक करून बाकीच्यांनी आवाज मिसळला. मिनानं जावेचं मनगट सोडलं, तबक घेतलं आणि कापूर लावला.